न वाकलेला हँगर

सायकलवरून परदेश फिरणाऱ्या लोकांना एक-दोन दिवस आपल्या घरी ठेवून घ्यायचं, आणि पुढे कधी आपण त्यांच्या देशात सायकल घेऊन गेलो की त्यांनी आपल्याला ठेवून घ्यायचं, अशी एक वेबसाइट आहे हे बायकोने मला सांगितलं. मी "घाल आपलं नाव" म्हटलं. तिथूनच सगळ्याला सुरुवात झाली.

चेन्नईत येऊन तेव्हा आम्हाला तीन वर्षं झाली होती. मी मूळचा कोल्हापूरचा. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. बायको अंबत्तूरला एका सॉफ्टवेअर ऑफिसात. राहायला मोगप्पैरला, दुसऱ्या मजल्यावर. गिअरच्या दोन सायकली आम्ही हौसेने घेतल्या होत्या आणि रविवारी पहाटे मरीनापर्यंत जाऊन इडली खाऊन परत यायचो. बायकोला मात्र एकदा हॉलंडमध्ये कालव्यांच्या काठाने सायकल चालवायची होती. नकाशासुद्धा तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

आणि पहिला ईमेल आला तो नेमका हॉलंडहून. नवरा-बायको, दोघंही साठीच्या आसपास. तो शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, ती नर्स. पंचवीस वर्षं त्यांनी प्रत्येक सुट्टी सायकलवर घालवली होती. बाईंनी सरळ लिहिलं होतं की उजव्या गुडघ्याचं मार्चमध्ये ऑपरेशन ठरलंय, आणि त्यानंतर बाजारात भाजी आणण्यापुरती सायकल चालवता येईल, लांबचा प्रवास नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत. म्हणून ही शेवटची मोठी सफर. चेन्नई ते कन्याकुमारी, जमीन संपते तिथपर्यंत, स्वतःच्या सायकलवर. तुमच्याकडे दोन रात्री राहू आणि निघू.

दोन रात्रींच्या आठ झाल्या.

ते आले भोगीच्या आदल्या दिवशी. विमानतळावरून दोन भलेमोठे खोके टेम्पोत घालून मी घरी आणले. खोके उघडले तर नवऱ्याची सायकल ठणठणीत, आणि बाईंच्या सायकलचा एक तुकडा मोडलेला. मागच्या चाकाशी गिअर बदलणारी जी यंत्रणा असते ती ज्याच्यावर लटकते, तो बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. त्याला हँगर म्हणतात. सायकलच्या सांगाड्याला तो दोन स्क्रूंनी लावलेला असतो. प्रवासात खोक्यावर कुणीतरी काहीतरी आपटलं असणार आणि त्याचे दोन भाग झाले होते.

"जादा हँगर आणला असेल ना?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिला होता. बाई हसून म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा विसरलो." मला हसू आलं नाही. मी असतो तर त्या टेबलाला आग लावली असती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना पॅरीज कॉर्नरच्या सायकल बाजारात नेलं. सकाळी सगळ्या गल्ल्यांतून भोगीचा धूर, लोकांनी जुन्या चटया आणि टायर जाळलेले, त्यात माझे डोळे चुरचुरत होते. आमच्याकडे भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, इथे धूर. एकेका दुकानदाराने मोडका तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला आणि "इल्लै सार" म्हणून परत दिला. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, कुठलाही कुठेही बसत नाही. एकाने तर "वेल्डिंग करा ना" म्हणून आम्हाला वेल्डिंगवाल्याकडे पाठवलं. तो म्हणाला ॲल्युमिनियम मी करत नाही, आणि वर चहा पाजला. पाहुणे चहावर खूश. मी घामाने आणि रागाने भिजलेला.

त्यांनी मुलाला फोन करून टेबलावरचा हँगर कुरिअरने पाठवायला सांगितला. दोन दिवसांत तो भारतात पोहोचला, असं कंप्युटरवर दिसायला लागलं. नंतर त्याच्यापुढे "कस्टम्समध्ये" असं आलं आणि तेच राहिलं. मी फोन केला. उचलणाऱ्याने पोंगलच्या शुभेच्छा दिल्या आणि कार्यालय चार दिवसांनी उघडेल असं सांगितलं.

पोंगल म्हणजे एक दिवसाचा सण नाही. भोगी, मग पोंगल, मग गाईबैलांचा पोंगल, मग लोकांनी एकमेकांना भेटायला जायचा पोंगल. एवढं सगळं झालं तरी कामगार गावाहून परत यायला आणखी दोन दिवस. हे मला तीन वर्षांत माहीत झालं होतं, तरी दरवर्षी मी नव्याने चिडत असे. त्या वर्षी तर माझा नुसता जळफळाट झाला, कारण ज्यांची सुट्टी वाया चालली होती ते मजेत होते. नवरा गच्चीत सावलीला बसून पुस्तक वाचायचा आणि खालच्या मजल्यावरच्यांनी पाठवलेलं साखरपोंगल, म्हणजे गूळभात, बोटं चाटून खायचा. बाई माझ्या बायकोबरोबर तीळ निवडत बसायच्या, गुडघ्याखाली उशी घेऊन. तिळगूळ देताना काय म्हणायचं ते त्या दोन दिवसांत शिकल्या आणि सकाळी उठल्याउठल्या मला म्हणायच्या, "तिलगुल घ्या, गोड गोड बोला." मी तेवढं गोड काही बोलत नव्हतो.

एका सकाळी त्या जिना उतरताना मधेच थांबल्या. कठडा धरून जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. चार दिवस कमी झाले तर रोज थोडं जास्त चालवीन. एवढंच आहे की पुढच्या वर्षी येऊन पुरं करू, असं यावेळी म्हणता येत नाही."

त्यावर मी म्हणालो, "हँगर मीच करून देतो."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं. लेथच्या आवाजात मी अभ्यास केलेला. बोटाएवढा तुकडा, दोन भोकं, एक आटे पाडलेलं भोक. त्यासाठी हॉलंडच्या कुरिअरची वाट बघत बसायचं? आणि करायचाच तर असला लेचापेचा ॲल्युमिनियमचा कशाला? पुन्हा जन्मात मोडणार नाही असा पोलादाचा करू. आमच्या वडिलांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, मोडेन पण वाकणार नाही. मी पाहुण्यांना ते इंग्रजीत समजावून सांगितलं. नवऱ्याने विचारलं, "पण मोडून काय फायदा?" मला वाटलं, भाषांतरात मजा गेली.

बायकोने फक्त माळ्याकडे पाहिलं. माळ्यावर आमचा जळका मिक्सर ठेवलेला आहे. गीझर आणि मिक्सर एकदम लावले की फ्यूज उडायचा, म्हणून मी वैतागून फ्यूजमध्ये चांगली जाड तार घातली होती. फ्यूज परत कधी उडाला नाही. तीन महिन्यांनी खोबऱ्याच्या चटणीत मिक्सरने धूर काढला. तो मिक्सर ती फेकू देत नाही, पुरावा म्हणून ठेवते.

अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर टर्नर होते, आमच्या कारखान्याची फुटकळ कामं करायचे. तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी पूर्वजाने घर सोडलं होतं, आणि हे अजून घरात मराठी बोलत होते. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता, आणि मधूनच असे शब्द यायचे की मला पणजीचा आवाज आठवावा. मी त्यांना मामा म्हणायचो. शटर अर्धं उघडं होतं आणि मामा एकटेच स्टुलावर बसले होते.

"अस्कि लोक गांवाला गेलेत," ते म्हणाले, अस्कि म्हणजे सगळे. "मी एकटाच आहें. बसा. कापि घेतांत कां?"

मी मोडका हँगर त्यांच्या हातात ठेवला. काय ते समजावलं. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, मोडलेल्या कडेवरून नख फिरवलं, मग दुसरा भाग हलकासा दाबून पाहिला.

"करतों. नमुना आहे तसंच करतों. अल्युमिनियमची पट्टी आहे माझ्यापाशी."

"ॲल्युमिनियम नको, मामा. पोलादाचा करा. चांगल्या जातीचा."

"नमुना मऊ आहे की."

"म्हणून तर मोडला."

मामांनी तुकडा पुन्हा चष्म्याजवळ नेला. मग म्हणाले, "एवढी मोठी सायकल, अस्कि सामान भारी भारी, आणि हा एकच तुकडा मऊ ठेवलाय. तुटायलाच केला असेल कां?"

"तुटायला कोण वस्तू करतं, मामा?"

"मला काय ठाऊक? विचारतों."

"पोलादाचाच करा," मी म्हणालो. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला क्वालिटीवाल्याने शिकवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच. पण मामांनी मान हलवली. माझ्या कंपनीची कामं त्यांच्याकडे येत होती. त्या मान हलवण्यात तेही असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढचे तीन दिवस माझ्या संयमाची परीक्षा होती. पहिल्या दिवशी गेलो तर मामा म्हणाले, आज कामाचा पहिला दिवस, मशीनची पूजा करून मग राहुकाळ संपल्यावर सुरू करतों, उद्यां या. दुसऱ्या दिवशी योग्य जाडीचं पोलाद नव्हतं, ते आणायला माणूस गेला होता आणि आलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी तुकडा झाला होता, पण आटे पाडायचा टॅप त्याच्यात मोडून अडकला. पोलाद फारच कडक होतं. मामांनी तो टॅप काढून दुसरा तुकडा सुरू केला. मी शेजारी उभा राहून घड्याळ बघत होतो. मामांची चिडचिड शून्य. घरी गेलो तर पाहुणे विचारायचे "काय म्हणतायत?", आणि मी "उद्या" म्हणायचो, अगदी मामांसारखा.

अखेर शुक्रवारी दुपारी तो तुकडा तयार झाला. काय देखणा झाला होता! कडा घासून गुळगुळीत, भोकं केसभरही इकडेतिकडे नाहीत. मी व्हर्नियर लावून सहा ठिकाणी मोजला, एकही माप चुकलं नव्हतं. मामांनी त्याला कुंकवाचं बोट लावलं, पोंगलनंतरचं पहिलं काम म्हणून.

"त्या बाई कन्याकुमारीला पोचल्या की मला सांगा हं," ते म्हणाले. "माझ्या हातची वस्तु इतक्या लांब कधी गेली नाही."

हँगर चपखल बसला. गल्लीत बाईंनी दोन फेऱ्या मारल्या, सगळे गिअर बदलून पाहिले, आणि परत येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. नवऱ्याने हँगरवर नखाने टकटक केलं आणि म्हणाला, "फार मजबूत आहे." त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी त्याचा अर्थ कौतुक असा घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते निघाले. बायकोने तिळगुळाचा डबा आणि मेतकुटाची पुडी दिली. तंजावरला एका डॉक्टरांच्या घरी ते तीन दिवस विश्रांती घेणार होते. त्या डॉक्टरांचा पत्ता आणि फोन नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

चौथ्या दिवशी कुरिअर आलं.

छोटं पाकीट, आत प्लॅस्टिकच्या पिशवीत तो ॲल्युमिनियमचा तुकडा. हातात घेतला तर वजनच नाही. मी तो पाकिटात परत घातला आणि टेलिफोनच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

"तंजावरला पाठवतोयस ना?" बायकोने विचारलं. "एका दिवसात पोचेल."

"गरज काय? आपला दसपट चांगला आहे."

"जादा म्हणून तरी असू दे त्यांच्याजवळ."

"मोडला तर जादा लागतो ना? तो मोडणारच नाही."

खरं सांगायचं तर मला रागच आला होता. चार दिवस मी जिवाचं रान केलं, आणि हा टिचभर तुकडा सगळं झाल्यावर आयता आला. तो तंजावरला पाठवायचा म्हणजे माझ्या कामावर माझाच भरवसा नाही, असं कबूल केल्यासारखं झालं असतं. बायकोने दोन-तीनदा आठवण केली. मग तिने विषय सोडला. तिला वाटलं असणार, मीच पाठवीन.

तंजावरहून बाईंचा फोन आला. प्रवास सुरेख चाललाय, गुडघा कुरकुरतोय पण चालतोय, गिअर लोण्यासारखे पडतायत. मी फुलून गेलो. मग त्यांनी विचारलं, "कस्टम्सकडून काही कळलं का?"

"त्याची आता काही गरजच उरलेली नाही," मी म्हणालो.

बाई हसल्या. "तेही खरंच." हे मी खोटं बोललो नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पंधरा दिवसांनी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला, वळ्ळियूरच्या पुढच्या कुठल्यातरी चहाच्या टपरीवरून. कन्याकुमारी चाळीस किलोमीटरवर. मला वाटलं, पोचल्याचं सांगायला केलाय. सायकल मोडली, एवढंच तो म्हणाला.

नक्की काय झालं ते ते दोघं ट्रेनने चेन्नईला परत आले तेव्हा कळलं. आमच्या जेवणाच्या टेबलापाशी बसून बाईंनी सांगितलं. त्या बाजूला वारा फार, रस्त्याच्या दोन्हीकडे पवनचक्क्या. टपरीवर चहा पीत असताना भिंतीला टेकवलेली सायकल वाऱ्याने आडवी झाली, उजव्या अंगावर. अशी ती पंचवीस वर्षांत शंभरदा पडली असेल. उचलली, झटकली, निघाल्या. पुढे पुलाचा चढ आला तसा त्यांनी सगळ्यात हलका गिअर टाकला. पडताना गिअरची यंत्रणा जराशी आत दाबली गेली होती, ती चाकाच्या आऱ्यांत अडकली.

"अशा वेळी हँगर तुटतो," नवरा म्हणाला. तो सुतारकामाच्या मास्तरासारखा हळूहळू, समजावून बोलत होता. "तो त्यासाठीच मऊ असतो. तो तुटतो आणि बाकीची सायकल वाचते. मग जादा हँगर लावायचा, दहा मिनिटांचं काम."

माझा हँगर तुटला नाही. तो जिथे लावला होता ती सायकलच्या सांगाड्याची शेपटीच फाटली. सांगाडा ॲल्युमिनियमचा, तो रस्त्यावर कुणालाही जोडता येईना. बाई पडल्या, कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. चालत टपरीवर परत आले तेव्हा टपरीवाल्याने स्वतःची साधी काळी सायकल देऊ केली. बाईंनी ती शंभर पावलं चालवून पाहिली. बिनगिअरची, जड, गुडघ्याने ऐकलं नाही. मग दोघं बसने कन्याकुमारीला गेले.

"कसं होतं?" बायकोने विचारलं.

"समुद्र होता," बाई म्हणाल्या. "गर्दी होती."

नवऱ्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्यासमोर उघडली. माझा हँगर. "हा तुमचा," तो म्हणाला. "याला ओरखडासुद्धा नाही."

मी तो हातात घेतला. आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक प्रेसला अशीच एक पिन असते, जोर जास्त झाला की तुटणारी. पिन तुटली, मशीन वाचलं, अशा किती रिपोर्टवर मी सह्या केल्यात याची गणती नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मामांना एका नखात जे कळलं ते मला एवढी मापं घेऊन कळलं नव्हतं.

बायको माझ्याकडे बघत होती. टेलिफोनच्या टेबलाचा ड्रॉवर तिच्या हाताशी होता. तिने तो उघडला नाही, आणि त्याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे आणि आजही तिच्यावर थोडा चिडलेला आहे. मीच उठलो, पाकीट काढलं आणि बाईंसमोर ठेवलं.

बाईंनी मुलाचं अक्षर ओळखलं. "कधी आलं हे?"

आज आलं, असं सांगता आलं असतं. पाकिटावर शिक्का होता, पण त्या काही बघायला गेल्या नसत्या.

"तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी."

त्या बोटांवर मोजायला लागल्या. "चौथ्या दिवशी आम्ही चिदंबरमला होतो. मग तीन दिवस तंजावरला." मग म्हणाल्या, "मी फोन केला होता तंजावरहून."

"हो."

"तेव्हा हे इथे होतं."

"इथेच होतं."

त्यांनी ते नवऱ्याला डचमध्ये सांगितलं. मला त्यातलं फक्त तंजावर कळलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, आता कुणीतरी माझ्यावर ओरडावं. कारखान्यात मी असल्या चुकीवर माणसाला उभा चिरला असता. बाईंनी पाकीट फोडलं, तो हलका तुकडा काढून तळहातावर घेतला, आणि मग माझ्याकडे सरकवला. "हा पण तुम्हीच ठेवा," त्या म्हणाल्या. "ज्याला बसत होता ती सायकल आता नाही."

मग त्या उठून भांडी धुवायला गेल्या. बायको "नको नको" म्हणत मागे गेली, पण त्यांनी ऐकलं नाही. बराच वेळ स्वयंपाकघरातून फक्त पाण्याचा आवाज येत होता. मी "माफ करा" म्हणालो तो दुसऱ्या दिवशी विमानतळावर, खोका ट्रॉलीवर चढवताना. त्यांनी ऐकलं की नाही ते मला ठाऊक नाही, कारण ते मी खोक्याकडे बघून म्हणालो होतो.

पुढच्या आठवड्यात मी अंबत्तूरला गेलो. खिशात दोन्ही हँगर होते. ठरवून गेलो होतो, दोन्ही मामांच्या समोर ठेवायचे आणि म्हणायचं, तुमचं बरोबर होतं. एवढंच.

मामा मशीन बंद करून हात पुसत पुढे आले. मी स्टुलावर बसण्याआधीच त्यांनी विचारलं, "पोचल्या कां त्या बाई?"

माझा हात खिशातच होता.

"पोचल्या, मामा."

"कन्याकुमारीला? त्याच सायकलवर?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून मशीनला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. हे मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून केलं असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नाही. मला ते तीन शब्द तोंडातून काढता आले नाहीत, एवढंच खरं आहे.

मामांनी स्वतः कॉफी आणली. पेला माझ्या हातात देताना ते जरा ओशाळलेले दिसले. "तुम्ही सांगट्लांत ते ऐकलों, बरं केलों," ते म्हणाले. "मी म्हातारा, भलतंच बोलतों. माझ्या मनासारखं मऊ केलों असतों, तर ती बाई वाटेंतच राहिली असती."